लिंबू राहिले, कारण हरवले

उद्या माणसाचे सगळे ज्ञान नष्ट होणार असेल आणि पुढच्या पिढ्यांसाठी एकच वाक्य मागे ठेवता येणार असेल, तर ते कोणते? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ साली कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवला होता. उत्तरही त्यांनीच दिले: सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत. उत्तर भौतिकशास्त्रज्ञाला शोभणारे आहे. पण तेवढ्या वाक्यावर जुलाबाने सुकत चाललेले मूल वाचत नाही. डॉक्टरला विचारले तर तो वेगळे वाक्य देईल, शेतकरी तिसरेच.

कोविडनंतर आणि आताच्या युद्धांच्या बातम्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. बियाण्यांपुरते जगाने उत्तर शोधले आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात २००८ पासून बियाण्यांची तिजोरी आहे. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळची बियाणे पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये तिथले वाण याच तिजोरीतून परत काढले गेले. बियाणे असे गोठवून ठेवता येते. ज्ञानाचे मात्र तसे नाही, आणि हे दाखवणारी एक घटना वैद्यकाच्या इतिहासात घडून गेली आहे.

स्कर्व्ही हा जुन्या दर्यावर्दी लोकांचा काळ. महिनोन्महिने ताजे अन्न मिळाले नाही की हिरड्या सुजून रक्त येते, दात हलतात, आणि वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. कारण जखम सांधून धरणारे कोलॅजेन बनायला क जीवनसत्त्व लागते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने असे १२ रुग्ण निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. बाकीचे जेवण सर्वांना सारखेच. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे आठवड्याच्या आत उठून बसले. ब्रिटिश नौदलाने १७९५ पासून खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही जवळजवळ नाहीसा झाला.

इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकात असते. पुढची नसते.

१८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडचे पिवळे मोठे लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधले छोटे हिरवे लिंबू घ्यायला सुरुवात केली. ती बेटे इंग्रजांच्या ताब्यातली, शिवाय हे लिंबू जास्त आंबट. इंग्रजीत दोघांना वेगळे शब्द आहेत, पण ते तेव्हा सैलपणे वापरले जात. मराठीत तर दोन्ही लिंबूच. आंबटपणा हाच औषधी गुण, असा समज होता. प्रत्यक्षात या छोट्या लिंबात क जीवनसत्त्व कमी. त्यातही रस साठवून, हवा लागून, तांब्याच्या नळ्यांतून फिरल्यावर फारसे काही उरत नसे. (हे छोटे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच. ताजे चिरून वरणावर पिळता ते उत्तम आहे. वाचकांनी घाबरून बंद करू नये.)

चूक कोणाच्या लक्षात आली नाही, कारण तोवर वाफेची जहाजे आली होती. प्रवास इतका आटोपशीर झाला होता की रस निकामी असूनही स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नसे. मग १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत, भरपूर लिंबाचा रस सोबत असूनही, स्कर्व्हीने माणसे आडवी केली. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला तो असा, की लिंबाचा उपाय मुळातच खोटा असावा. रोगाचे खरे कारण म्हणजे डबाबंद मांसातले विष, असा नवा सिद्धांत आला. कॅप्टन स्कॉटच्या १९०१ च्या अंटार्क्टिका मोहिमेत म्हणूनच मांसाचे डबे डॉक्टर तपासून देत. तरी स्कर्व्ही झालाच, आणि सीलचे ताजे मांस खाल्ल्यावर गेला.

गाठ सुटली ती १९०७ मध्ये, आणि तीही नशिबाने. होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या संशोधकांनी प्रयोगासाठी गिनीपिग निवडला. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. माणूस, माकड आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत. उंदीर निवडला असता तर काहीच दिसले नसते. १९३२ मध्ये अखेर ते जीवनसत्त्व ओळखले गेले.

या सगळ्या काळात एकही ग्रंथालय जळले नव्हते. लिंडचे पुस्तक उपलब्ध होते, नौदलाचे हुकूम दप्तरी होते. नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात होता. फक्त तो का, हे कोणाला माहीत नव्हते आणि तपासून पाहण्याची लिंडची रीत कोणी पुन्हा वापरली नव्हती.

माझ्या यादीत पहिले नाव जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. तत्त्व सोपे आहे. पटकीत आतडे पाणी बाहेर फेकत असले, तरी साखर आणि मीठ जोडीने आत घेणारे त्याचे दार शाबूत असते; ती जोडी आत गेली की पाणी मागोमाग जाते. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता यातले कारण काढून टाका आणि फक्त ‘जुलाबात साखर-मीठ-पाणी’ एवढे ठेवा. काय होते ते पाहायला महाप्रलयाची गरज नाही, आमच्या वॉर्डात या. लिटरभर पाण्याची पुडी अर्ध्या ग्लासात विरघळवलेली असते, कारण ‘स्ट्राँग झाले तर लवकर गुण येईल’. मीठ जास्त झाले तर बाळाला झटके येऊ शकतात. मूल पीत नाही म्हणून आजी साखर वाढवते. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानात ओआरएसशी मिळतीजुळती नावे लावलेली गोड पेयेही विकली गेली आहेत. नाव तेच, प्रमाण गेले. लेमन आणि लाइमचा घोळ तो हाच. आईला दाराची ती गोष्ट दोन मिनिटांत सांगितली की ती चमचा मोजून घालते, हा माझा अनुभव आहे. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, ही चाचणीही तिला लगेच समजते.

म्हणून मला एकच पान मिळाले, तर मी औषधांची नावे लिहिणार नाही. कारणासह चार-दोन गोष्टी लिहीन आणि त्याखाली लिंडची रीत: सारखे रुग्ण घ्या, उपचार वेगळे द्या, निकाल मोजा. हरवलेले बरेचसे त्यातून पुन्हा सापडेल.

सगळे मात्र नाही. हातातले ज्ञान पानावर मावत नाही. पायाळू बाळाची प्रसूती घ्या. (पायाळू माणसाला गुप्तधन दिसते म्हणतात, जन्मतानाची जोखीम मात्र खरी.) २००० मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा बाळांसाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित ठरले आणि जगभर तीच पद्धत रूढ झाली. त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, पण तोवर शिकाऊ डॉक्टरांचा सराव तुटला होता. बाळ केव्हा ओढायचे नाही, खांदा कसा वळवायचा, डोके कसे सोडवायचे, हे पाठ्यपुस्तकात चित्रांसह आजही आहे. ते वाचून पदव्युत्तर परीक्षेत उत्तम मार्क मिळतात. पण तालुक्याच्या रुग्णालयात रात्री पाय बाहेर आलेल्या अवस्थेत बाई पोचते, शस्त्रक्रियेला वेळ उरलेला नसतो, तेव्हा तरुण डॉक्टर फोन करतो तो जुन्या सिस्टरना किंवा निवृत्तीला आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना.

ही पिढी पुढच्या काही वर्षांत सेवेतून बाहेर पडेल. तिची शेवटची दोन वर्षे रजिस्टरे आणि बैठकांत न घालवता प्रसूतिगृहात, बाहुलीवर आणि प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी शेजारी उभे राहून, फक्त शिकवण्यासाठी राखून ठेवावीत. त्यासाठी नवे पद लागत नाही, ड्युटीचा तक्ता बदलला तरी पुरेल.