जिल्ह्याची सीमा आणि जंगलाचा हक्क

उष्ण कटिबंधीय अरण्यांच्या अभ्यासाचे काशी हे भारतातील एक प्रमुख केंद्र होय. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. रामदेव मिश्र (१९०८–१९९८) यांनी परिस्थितिविज्ञानाची परंपरा उभी केली आणि विंध्य पठारावरील शुष्क पानझडी वने ही तिची प्रयोगशाळा बनली.

सलई, खैर, तेंदू यांची ही वने चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढतात. पावसातील खंड लांबला की प्रथम कोवळी रोपे करपतात. तोड आणि खाणी यांनी विरळ झालेल्या जागी घाणेरी माजते व वनाचा झुडपी माळ होतो. हवामानबदलाचा घाव असा जुन्या लुटीच्या जखमेवरच बसतो.

या वनांचे रक्षण कोण करणार? नोकरशाहीच्या लेखी तेथील आदिवासी हा अतिक्रमणदार! चंदौलीचे उदाहरण बोलके आहे. हा जिल्हा १९९७ साली वाराणसीतून वेगळा झाला. पुढे २००३ च्या कायद्याने वाराणसी, मिर्झापूर, सोनभद्र आदी जिल्ह्यांतील गोंडांना अनुसूचित जमात मानले. यादीत चंदौलीचे नाव नव्हते. परिणामी, २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली चंदौलीतील गोंडांवर ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देण्याची अट आली. ज्यांच्या हाती कधी कागदच दिला गेला नाही, त्यांच्याकडेच कागद मागणे हा कोणता न्याय? ही चूक सुधारणारा कायदा संसदेने संमत केला तो २०२२ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी केंद्राच्या नव्या नियमांनी मात्र, वनजमीन प्रकल्पांना देण्याच्या अंतिम मंजुरीपूर्वी वनाधिकारांची पूर्तता झालीच पाहिजे, ही अट काढून टाकली. आदिवासीला पुराव्याची सक्ती आणि भांडवलदाराला सवलत, हे या धोरणाचे वर्गस्वरूप आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्राने दाखविला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती घेतला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींचीही प्रमुख मागणी वनजमिनीच्या हक्काचीच होती.

विज्ञानाने वनाचा रोग ओळखला आहे. उपचार राजकीय आहे. ग्रामसभेच्या संमतीवाचून वनजमिनीचा तुकडाही हलता कामा नये, ही मागणी घेऊन जंगलपट्टीत संघटना बांधणे हेच आजचे खरे वनसंरक्षण होय.