रजोनिवृत्ती, वजन आणि औषधांचे अर्थकारण

वजन घटविणारी दोन विदेशी इंजेक्शने २०२५ साली भारतीय बाजारात पाठोपाठ दाखल झाली. मार्चमध्ये एली लिली कंपनीचे मौंजारो आले, जूनमध्ये नोव्हो नॉर्डिस्कचे वेगोव्ही. त्यांची चर्चा मुख्यतः नटनट्या आणि शेअर बाजार यांच्याभोवती फिरत राहिली. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या, किंवा ती नुकतीच गेलेल्या, स्त्रीला या औषधांतून काय मिळणार आणि ते कोणत्या भावाने, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच डोकावला.

रजोनिवृत्तीमुळे वजन वाढते, हा समज सर्वस्वी खरा नाही. मध्यमवयात वजन वाढते ते बव्हंशी वयामुळे, स्नायू झिजल्यामुळे आणि हालचाल मंदावल्यामुळे. ते पुरुषांचेही वाढते. रजोनिवृत्तीचा खास परिणाम निराळा आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरू लागले की चरबीचा साठा मांड्यांकडून पोटाकडे सरकतो, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल चढते आणि इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखी दाद देईनासे होते. काट्यावर फारसा फरक न दिसताही मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट अशा रीतीने मोकळी होते. घरात मात्र 'अंग सुटले' एवढ्या दोन शब्दांत निदान आटोपते आणि दोष तिच्या आळसावर टाकला जातो. (दिवसभर नोकरी करून दोन वेळचा स्वयंपाक रांधणाऱ्या बाईला आळशी ठरविण्यास विशेष प्रकारची बुद्धिमत्ता लागत असली पाहिजे.)

भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा लठ्ठ आढळल्या. पण हा आकडा १५ ते ४९ या वयोगटाचा आहे. रक्तशर्करा आणि रक्तदाब त्यापुढील वयातही मोजले गेले. वजन मात्र नाही. जेथे हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, तेथेच आपला तराजू थांबतो.

उपचारांचा इतिहासही चढउतारांचा आहे. संप्रेरक-उपचारावरील एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा एक भाग २००२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे मध्येच थांबविण्यात आला आणि जगभर हा उपचार जवळजवळ बहिष्कृत झाला. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीतील निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभ-हानीचा हिशेब वेगळा निघतो, हे मागाहून ध्यानात आले. तरीही हा उपचार अंगाची लाही आणि निद्रानाश यांवरचा आहे, वजन उतरविण्याचा नव्हे. नव्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी. सेमाग्लुटाइडच्या प्रमुख चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, आणि पाळी गेल्यावर हाडे आधीच ठिसूळ होऊ लागलेली असतात. तेव्हा पुरेशी प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम यांवाचून हे औषध घेणे शहाणपणाचे नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही एकवेळची खरेदी नसून दीर्घ मुदतीचा करार आहे. मौंजारो आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला १४ हजार. दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या औषधांचा खर्च बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरात मुलांची फी आणि सासऱ्यांचे औषध यांच्यानंतर जे उरते, त्यात तिचा क्रमांक लागतो.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील उत्पादन-पेटंट नाकारले होते आणि त्या छायेत आपला औषधउद्योग वाढला. जागतिक व्यापार कराराच्या बंधनामुळे २००५ पासून ती पेटंटे पुन्हा देणे भाग पडले. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्यांच्या स्पर्धेने भाव उतरतात, हा आजवरचा अनुभव आहे. परंतु भाव उतरले म्हणजे योग्य व्यक्तीपर्यंत औषध पोचतेच असे नाही. सौंदर्यप्रसाधनगृहांच्या आडोशाने ते लग्नाळू मुलींपर्यंत आधी पोचेल, अशी भीती वाटते.

म्हणून इंजेक्शनाच्या आधी मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्टॅटिन या जुन्या, स्वस्त औषधांचा विचार व्हावयास हवा. ती ज्यांना लागतात त्यांतील कित्येक स्त्रियांची साधी तपासणीही झालेली नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची २०१९ साली शासकीय समितीने चौकशी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याबरोबर अंडाशयेही काढली असतील, तर रजोनिवृत्ती तत्क्षणी येते, मग वय तीस का असेना. या स्त्रियांच्या साखरेची आणि हाडांची पुढे कोणी नोंद ठेवायची?

तिशीवरील सर्वांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. आशा सेविका भरतात त्या तक्त्यात कमरेचे मापही विचारले जाते. पाळी कोणत्या वर्षी गेली आणि अंडाशये काढली आहेत काय, हे दोन प्रश्न त्यात नोंदविले आणि त्यानुसार उपाशीपोटीची साखर व कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासले, तर येणारा खर्च इंजेक्शनाच्या एका कुपीच्या निम्म्यानेही होणार नाही.