जंत साखरेत नाहीत, मातीत आहेत

मुलाचे पोट दुखू लागले, ते झोपेत दात खाऊ लागले, की आपल्याकडे घरातली आजी निदान करून मोकळी होते : "गोड फार खातो, जंत झालेत." मग गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो, वावडिंगाचे पाणी सुरू होते आणि प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात. शिकल्यासवरल्या मंडळींची समजूत निराळी. त्यांच्या मते जंत हा झोपडपट्टीतल्या मुलांचा रोग. आपल्या घरात तो येईलच कसा? पहिली समजूत चुकीची आहे. दुसरी चुकीची तर आहेच, शिवाय लाजिरवाणीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी घरचेच सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याच्या शौचाच्या तपासणीत जंतांची अंडी निघाली. घरातले पहिले वाक्य होते, "त्या कामवालीच्या पोराबरोबर खेळतो, दुसरे काय होणार!" त्या दिवसापासून त्या पोराला दार बंद झाले. त्याच्या आईचा चहाचा कप तर आधीपासूनच खिडकीत वेगळा होता. आम्ही तेव्हा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे. पण नोंद कुठून आली आणि कुठे गेली, हे तपासण्याची सवय आहे. गोल जंताची नोंद अशी : वीत-दीड वीत लांबीची मादी माणसाच्या आतड्यात राहून दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात. मात्र बाहेर पडलेले ताजे अंडे कोणालाही बाधत नाही. ओलसर मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावरच ते बाधक होते आणि मग वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. न धुतलेल्या हातांवाटे किंवा कच्च्या भाजीवाटे ते तोंडात जाते. अळी आतड्यातून फुफ्फुसात, तिथून घशात आणि पुन्हा पोटात उतरते. पोरगे खोकते, खाल्लेले अंगी लागत नाही, वाढ खुंटते. जंत फार झाले तर आतडे तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येते.

आता या हिशेबात वेगळा कप कुठे बसतो, ते वाचकांनीच सांगावे. त्या पोराशी खेळल्याने, त्याच्या आईच्या कपाला हात लागल्याने हा जंत होत नाही. विष्ठा मातीत पडते म्हणून तो होतो. आणि ती मातीत का पडते? आपल्याकडे दिवसभर राबणाऱ्या बाईला आपण आपल्या संडासात पाऊल टाकू देत नाही. तिच्या वस्तीत चार-पाच बिऱ्हाडांना मिळून एक संडास, त्यालाही पाणी नाही. मग लहान मुले नाल्याच्या कडेलाच बसणार. कप वेगळा ठेवून आपण काहीच वाचवत नाही. संडास नाकारून मात्र रोगाला माती पुरवतो. सोवळ्याचा असा उलटा धंदा दुसरा नसेल!

आता भाजीकडे वळू. १९०८ सालच्या मुसीच्या महापुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी धरणांबरोबर या शहराच्या गटारांचीही योजना आखून दिली. आपल्या काचीगुडा-गौळीगुड्यातल्या पणजोबांनी तो काळ पाहिला. पुढे शहर वाढले आणि मुसी सांडपाण्याची वाहिनी झाली. तिच्या काठच्या शेतकरी कुटुंबांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. कच्च्या सांडपाण्यावर शेती करणाऱ्यांत जंतांचा धोका तुलनेने स्वच्छ पाणी वापरणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच सांगून ठेवले होते, की शेतीला सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे. तेव्हा आधी भोगतो तो पिकवणारा. त्याच्या मागोमाग कोथिंबिरीच्या जुडीतून त्याचे भोग आपल्या ताटात येतात. मिठाच्या पाण्यात जुडी बुडवल्याने अंडी मरत नाहीत, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही मरत नाहीत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बरीचशी निघून जातात, आणि शिजवल्यावर मरतात.

सरकार काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे त्याचे ठरलेले दिवस. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. पण आपल्यातलेच काही पालक "आमच्या मुलाला गरज नाही" अशी चिठ्ठी शाळेत धाडतात. गोळी घेण्यात कसला आला कमीपणा? तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी मारत नाही. ती घेणे म्हणजे नुसते व्याज फेडणे. मुद्दल नाल्यात तसेच पडून आहे.

ते मुद्दल फेडायचे तर मागावे लागेल. महापालिकेची निवडणूक आली की आपली मंडळी उमेदवाराकडे काय मागतात? सभागृहाला जागा आणि गणेशोत्सवाला मांडव. मागावे, जरूर मागावे. पण त्या निवेदनात नाल्याकाठच्या वस्तीला पाण्यासकट संडास आणि मुसीत जाणाऱ्या प्रत्येक नाल्याचे शुद्धीकरण, ही दोन कलमे वर असावीत. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत. अनुमोदनाला कोण उभे राहते ते पाहू.

ठरावाला वेळ लागेल. तोवर मुलांच्या हाताला जेवणाआधी साबण लागू द्या, शाळेतली गोळी घेऊ द्या, आणि उद्या सकाळी बाई कामाला आली की तिला संडासाचे दार दाखवा. आमच्या घरी ते आता उघडे असते. खिडकीतला कपही इतर कपांत जाऊन बसला आहे.