वाफ लहान होत नाही

नाशिक रोड स्थानकापासून गावात यायला एके काळी ट्राम होती, आणि ती घोडे ओढत. १८८९मध्ये सुरू झालेली ही ट्राम मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून स्टेशनापर्यंत साधारण आठ-दहा किलोमीटर धावे. दोन डबे, चार घोडे, आणि रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दुष्काळ आणि प्लेगच्या तडाख्यांनी तोट्यात गेलेली ही सेवा १९३१ ते १९३३च्या दरम्यान बंद पडली. तिचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच माणसाने पुढे १८९७मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि १९०७च्या माथेरान गाडीच्या इंजिनांमागेही त्याचाच सल्ला होता. महाराष्ट्रातल्या छोट्या गाड्यांची गोष्ट सांगायची तर ती नाशिकपासून सुरू करावी लागते. आजच्या नाशिककरांपैकी अनेकांना मात्र ती ट्राम ऐकूनही ठाऊक नसते.

हे आठवायचे कारण म्हणजे बंगल्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत रूळ टाकून स्वतः बनवलेली छोटी आगगाडी चालवण्याचा छंद. इंग्लंडमध्ये तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे. तिथले ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८पासून निघते. आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे, पण ते घराच्या छपराखाली आणि विजेवर. पेशवे पार्कातली १९५६ची फुलराणी मुलांना बसवून फिरवणारी. या दोहोंच्या मधली ही बागेतली गाडी: रुळांमध्ये ३२ किंवा ४५ मिलिमीटर अंतर, हातभर लांबीचे इंजिन, आणि तुळशी-मोगऱ्याच्या कुंड्यांमधून जाणारी वाट.

आमच्या मते हा छंद नाशिकमध्ये रुजायला हवा, आणि इथे तो चांगला रुजेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर आयुष्य काढलेले, ओझरच्या विमान कारखान्यातून किंवा नाशिक रोडच्या रेल्वे कार्यशाळेतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, वेल्डर या शहरात गल्लोगल्ली आहेत. शतांश मिलिमीटरचा अंदाज बोटांना असलेली ही माणसे साठाव्या वर्षी एकदम रिकामी होतात. दुसरीकडे शाळांतली मुले विज्ञान प्रकल्पाच्या नावाखाली बाजारातला तयार संच जोडून आणतात; त्यात काय बिघडले तर का बिघडले, हे त्यांना सांगता येत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवणारे काम म्हणून बागेतल्या रेल्वेइतके चांगले काम क्वचितच सापडेल. फक्त त्यात एक जागा अशी आहे जिथे हौस पुरत नाही, आणि या लेखाचा बराच भाग तिच्यासाठी आहे. त्याआधी लहान इंजिनाची गंमत.

माथेरानच्या गाडीचे रूळ ६१० मिलिमीटरचे. एकोणिसाव्या हिश्शाने लहान केले की ३२ मिलिमीटर होतात. (नाशिकची ट्राम ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणायची तर सुमारे सतरावा हिस्सा घ्यावा लागेल, आणि घोडे जेमतेम नऊ सेंटिमीटर उंचीचे होतील. करून पाहायला कोणाची हरकत नाही.) लांबी १९ पटींनी कमी झाली की पृष्ठभाग कमी होतो ३६१ पटींनी, आणि आकारमान ६,८५९ पटींनी. चौदा टनांचे इंजिन त्याच हिशेबाने दोन किलोंचे होते. म्हणजे लहान इंजिनाच्या पोटातल्या पाण्याच्या मानाने त्याची कातडी १९ पट जास्त. उष्णता कातडीतून निघून जाते. तान्ह्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा लवकर थंडी वाजते त्याचे कारण हेच, आणि छोट्या इंजिनाच्या बॉयलरभोवती लाकडाच्या पट्ट्या किंवा उष्णतारोधक कापड गुंडाळतात तेही याचसाठी. सुरुवातीला गार सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे लगेच पाणी होते आणि इंजिन धुराड्यातून पिचकारी उडवते. नवखा माणूस घाबरतो. इंजिन गरम झाले की पिचकारी थांबते.

पाणी तर अजिबात लहान व्हायला तयार नसते. मोठ्या इंजिनात पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. ती बारीक केली की पाणी पृष्ठताणामुळे काचेला चिकटून बसते, मध्येच बुडबुडा अडकतो आणि नळी बॉयलर भरलेला असल्याची खोटी साक्ष देते. नुसत्या नळीवर विसंबून इंजिन तापवू नये. किती पाणी भरले आणि बर्नरमध्ये किती इंधन टाकले याचा हिशेब ठेवून इंधन पाण्याआधी संपेल असे पाहणे, हा लहान इंजिनांचा जुना उपाय अजून सर्वांत भरवशाचा आहे.

घर्षणाचे प्रमाण मात्र लहान-मोठ्याला सारखेच, म्हणून चढ दोघांनाही सारखाच छळतो. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना थळ घाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ आहे, आणि गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात हे नाशिक-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बागेत तोच चढ म्हणजे मीटरमागे पावणेतीन सेंटिमीटर; डोळ्यांना तो दिसतही नाही. दोन किलोंच्या इंजिनाची ओढ त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी, म्हणजे ४०० ग्रॅम धरू. सपाटीवर गाडीचा विरोध वजनाच्या दोन टक्के धरला तर ते इंजिन स्वतःसकट वीस किलो ओढेल. थळ घाटाच्या चढावर विरोधात २.७ टक्क्यांची भर पडते आणि वीसचे साडेआठ होतात. वळण आले की आणखी कमी. माथेरानच्या वाटेवर विसास एक इतका चढ आणि नागमोडी वळणे आहेत; तिथल्या पहिल्या जर्मन बनावटीच्या इंजिनांना वळणावर चाकांना थोडी बाजूची मोकळीक देणारे खास आस बसवले होते. सातवीच्या मुलाला कमानीचा काटा आणि चार डबे देऊन हे स्वतः मोजायला लावा. घर्षणाचा धडा त्याला पुन्हा वाचावा लागणार नाही.

नाशिकच्या जमिनीबद्दल एक सूचना. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा रूळ थेट मातीवर टाकले तर एका पावसाळ्यात त्यांची लाट होते. विटांचा किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांचा वीतभर उंच कट्टा, त्यावर बारीक कच आणि पाणी वाहून जायला वाट, एवढे करावेच लागते. पितळी रूळ दहा मीटरला पन्नास अंश तापमानफरकात साडेनऊ मिलिमीटर वाढतात. हिवाळ्यातल्या पहाटेचे आणि मे महिन्यातल्या दुपारचे रूळ यांत तेवढा फरक सहज पडतो. म्हणून सांध्यांत फट ठेवायची. ती थंडीत ठेवली तर मोठी आणि उन्हाळ्यात ठेवली तर छोटी, हे विसरणाऱ्यांचे रूळ मे महिन्यात कमानीसारखे वर येतात.

आता बॉयलर. इथे हा छंद आरोग्याच्या सदराचा विषय होतो.

आपल्याकडील बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर येत नाहीत. यात गैर काही नाही. प्रत्येक चिमुकल्या भांड्यामागे निरीक्षक धावू शकत नाही. पण परिणाम असा की स्वयंपाकघरातल्या कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्याच्या तिप्पट दाबावर चालणाऱ्या, मुलाच्या हातातल्या इंजिनाच्या बॉयलरचा कायद्याने तपास होत नाही. कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो; बागेतल्या वाफेच्या इंजिनात तीन बारपर्यंत जातो, आणि आतले पाणी सुमारे १४३ अंशांचे असते. असा २०० मिलिलिटरचा बॉयलर फाटला तर त्यातल्या पाण्याचा बारावा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो, म्हणजे सुमारे २५ लिटर वाफ, आणि उरलेले पाणी उकळते राहून आजूबाजूला उडते. इंजिनावर वाकून पाहणारा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो.

घाबरून सोडून द्यावे असे हे नाही. लहान असण्याचा इथे फायदाही आहे: नळी जितकी अरुंद, तितका तिच्या भिंतीवरचा ताण कमी. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या, दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीला तीन बार दाब मुळीच जड नाही. कच्चे दुवे असतात ते दोन टोकांच्या सपाट चकत्या आणि सांधे. सांधे इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या कथलाने जोडलेले असतील तर ते १९० अंशांच्या आसपास वितळते. पाणी असेपर्यंत ठीक, पाणी संपले आणि ज्योत चालू राहिली की सांधा गेलाच. म्हणून बॉयलरला चांदीचा डागच हवा, जो सहाशे अंशांच्या वर वितळतो.

इथे नाशिकच्या सराफ बाजाराची आठवण होणे साहजिक आहे, आणि इथेच एक धोका आहे. जोडकामाच्या काही मिश्रधातूंत वितळबिंदू खाली आणण्यासाठी कॅडमियम घालतात. ‘केडीएम’ दागिने हा शब्द त्यावरूनच आला, आणि कारागिरांच्या प्रकृतीवरील परिणामांमुळेच तो प्रकार मागे पडला. कॅडमियमचा धूर हुंगल्यावर लगेच फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी खोकला, ताप, छातीत जखडल्यासारखे होते, माणसाला तो फ्लू वाटतो, आणि फुप्फुसांना आलेली सूज जिवावर बेतू शकते. डागाची कांडी घेताना ‘यात कॅडमियम नाही ना?’ हे विचारावे, खात्रीचे उत्तर नसेल तर घेऊ नये, आणि काम अंगणात वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करावे.

तयार झालेल्या बॉयलरची परीक्षा थंड पाण्याने होते. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडाही आत ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दाब वाढवायचा. ब्रिटनमधल्या हौशी मंडळांत नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि नंतरच्या ठरावीक मुदतीच्या परीक्षांत दीडपट दाब देण्याची रीत आहे. पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. सांधा सुटला तर चार थेंब गळतात आणि दाबमापकाचा काटा खाली येतो. हीच परीक्षा हवेने किंवा वाफेने घेणे म्हणजे फटाका कानाशी धरून वाजतो का ते पाहणे. मग दुसरी परीक्षा सुरक्षा झडपेची: बर्नर पूर्ण मोठा, इंजिन उभे, वाफेचा खर्च शून्य, आणि तरीही दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांपेक्षा वर जाता कामा नये.

नाशिकमध्ये हे कोण करील, हा खरा प्रश्न आहे. आमचे म्हणणे असे की ज्या शाळेत, सोसायटीत किंवा मंडळात वाफेचे इंजिन चालणार असेल, त्यांनी एक वही ठेवावी. बॉयलर कोणी बनवला, कोणत्या डागाने, पाण्याची परीक्षा किती दाबावर, कधी आणि कोणासमोर झाली. सही बनवणाऱ्याची नसावी, दुसऱ्याची असावी. शहरात दाबाच्या भांड्यांचे काम केलेले निवृत्त लोक कमी नाहीत. वर्षातून एका रविवारी चौघे जमले तर पन्नास इंजिने तपासून होतील. परदेशातून किंवा ऑनलाइन मागवलेल्या वाफेच्या खेळण्यासोबत परीक्षेचा कागद नसेल तर तेही या रांगेत उभे राहावे, किंमत कितीही असो. आणि वही नसेल तर वाफ नाही. शाळांनी तर पहिली दोन वर्षे विजेचीच इंजिने करावीत. जुन्या प्रिंटरची मोटर, पितळी गिअर आणि चार रिचार्ज होणारे सेल यांतही शिकण्यासारखे भरपूर असते, आणि लिथियमचे सेल वापरायचे तर संरक्षक सर्किट असलेलेच.

वाफ करायचीच ठरली तर इंधनाबद्दलही सांगायला हवे. मेथिलेटेड स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. ‘विझली’ म्हणून त्यात बाटलीने पुन्हा स्पिरिट ओतणे ही भाजण्याची हमखास वाट आहे. बर्नर गार झाल्याशिवाय भरायचा नाही, आणि भरताना बाटली दुसऱ्याच्या हातात, दूर. जवळ पाण्याची बादली आणि ओले जाड फडके ठेवावे. सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा. भाजलेच तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढावी. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नये. चेहरा, डोळे, हाताचा तळवा किंवा सांधा भाजला असेल, किंवा लहान मूल असेल, तर पाण्याखालची वीस मिनिटे संपताच थेट रुग्णालय.

दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सोयीचे. माती बसलेली असते, हवा कोरडी असते, आणि रुळांच्या फटी थोड्या मोठ्या ठेवायच्या एवढे लक्षात ठेवले की मे महिन्यापर्यंत पहिली फेरी निघू शकते.