बुडबुड्यांआधी पाण्याचं बघा

घरच्या घरी सोडा करून देणारं यंत्र आता शहरी स्वयंपाकघरांत दिसू लागलं आहे. बाटलीत पाणी भरायचं, बटण दाबायचं, की सोडा तयार. प्लास्टिकच्या बाटल्या वाचतात हा त्यामागचा मुख्य दावा, आणि तो खोटा नाही. या यंत्राच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४२५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात ६० लिटरपर्यंत सोडा होतो असं उत्पादक सांगतात, म्हणजे पाऊण लिटरच्या ८० बाटल्या. मात्र हा हिशेब नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे असं धरून केलेला आहे. या यंत्राचा पूर्वज १९०३ मध्ये लंडनला तयार झाला आणि १९७०-८०च्या दशकांत ते ब्रिटनमध्ये घरोघरी पोचलं. तिथे लोक नळाचं पाणी बिनघोर पितात. आपल्याकडे सोड्याची जबाबदारी कारखान्यावर असे. पुण्यात १८८४ पासून सोडा विकणारे अर्देशीर असोत की आजची बडी कंपनी, बाटलीतल्या पाण्याचा जाब विकणाऱ्याला विचारता येतो. यंत्र घरात आलं की ती जबाबदारी गुपचूप गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

ती किती जड असू शकते, हे जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये कळतं. ठशांच्या छपाईसाठी जगभर नावाजलेल्या या गावात रंगाई-धुलाईचं सांडपाणी वर्षानुवर्षं द्रव्यवती नदीत आणि जमिनीत मुरत आलं. भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक, त्यामुळे पाणी खोल गेलं आणि त्यातले क्षार वाढले; राजस्थानच्या भूजलात फ्लोराइड आणि नायट्रेटचा त्रासही जुनाच. जयपूरला पाणी पुरवणाऱ्या रामगढ तलावात १९८२च्या आशियाई स्पर्धेतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. पुढे तो कोरडा पडला. आज शहराची भिस्त शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बिसलपूर धरणावर आहे, आणि ते पाणी जिथे उशिरा पोचलं किंवा अपुरं पडतं तिथे बोअरवेल आणि टँकर आलेच. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइडची मर्यादा एक मिलिग्रॅम, नाइलाजाने दीड. टँकरचं पाणी यात बसतं की नाही, हे त्या घरातल्या माणसाने कशावरून ओळखायचं?

सोड्यातलं आम्ल जंतू मारतं, असं यावर कुणी म्हणेल. वायू विरघळल्यावर पाण्याचा सामू चारच्या आसपास उतरतो आणि काही जिवाणू कमी होतात हे खरं, पण त्याला शुद्धीकरण म्हणता येत नाही. फ्लोराइड, नायट्रेट किंवा रंगांतले जड धातू यांना तर वायूचा धक्काही लागत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होतं. धोका असा की गारवा आणि झिणझिणी यांखाली मचूळ चव दबते आणि जिभेकडून मिळणारी साधी सूचनाही बंद होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरोघरी आरओ आहे, मग अडचण कसली? आरओने क्षार जातात, पण साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. भूजल आटलेल्या गावात बाटली वाचवण्यासाठी दुप्पट-तिप्पट पाणी ओतून द्यायचं, याला पर्यावरणाची काळजी म्हणणं अवघड आहे. शिवाय यंत्र, आरओ आणि सिलिंडरची अदलाबदल हा सगळा खर्च पेलणारं घर सार्वजनिक नळाकडे पाठ फिरवतं, आणि नळ सुधारा म्हणून ओरडणारा एक आवाज कमी होतो.

चैनीच्या वस्तूवर एवढी चर्चा कशाला, असंही विचारलं जाईल. पॅरिसने याच चैनीचं वेगळं उत्तर काढलं. तिथल्या सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेने २०१० मध्ये एका बागेत फुकट बुडबुडेदार पाण्याचा नळ बसवला. त्यातून नळाचंच पाणी थंड करून, वायू मिसळून मिळतं. ते लोकांना पाजायचं, तर मूळ पाण्याची हमी संस्थेला आधी द्यावी लागते. फ्लोराइडने ग्रासलेल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांनाही हाच क्रम लागू आहे. प्रत्येक प्रभागातल्या नळाच्या आणि टँकरच्या पाण्याचा तपासणी अहवाल नगरपालिकेने दर महिन्याला लोकांसमोर लावावा, एवढी मागणी सोड्याचं यंत्र घेणाऱ्यानेही करायला हवी. अहवाल चांगला असेल तर खुशाल यंत्र घ्यावं; नसेल तर पैसे आणि आग्रह दोन्ही आधी पाण्यावर खर्च व्हावेत.