डावा हात ऐकू आला का?

गेल्या नवरात्रात आमच्या कुरुंद्यात मंडळाचा कार्यक्रम होता. अर्धा ऑर्केस्ट्रा, अर्धी लोकगीतं. मिक्सरवर मी बसलो होतो. मंचाच्या एका बाजूला ड्रमसेट आणि दुसऱ्या बाजूला सतरंजीवर ढोलकी घेऊन बसलेले एक म्हातारे मामा. ड्रमसेटला चार माईक दिले होते. त्यातला एक फक्त बेस ड्रमचा. जाड डोक्याचा, खर्जातल्या आवाजासाठीच बनवलेला तो माईक ठेंगण्या स्टँडवरून ड्रमच्या पुढच्या भोकात घातला होता. ढोलकीला एकच माईक, तोही निवेदकाकडून उरलेला. मी तो ढोलकीसमोर हातभर अंतरावर मधोमध लावला आणि मोकळा झालो.

मामा वाजवत होते, पण मागच्या खुर्च्यांपर्यंत फक्त उजव्या हाताची टणटण पोचत होती. कुणीतरी ओरडलं, "ए, बेस वाढव!" मी वाढवला. जनरेटरची घुर्रघुर्र वाढली, मंचाच्या फळ्यांवर नाचणाऱ्या पायांची धपधप वाढली. मामांचा डावा हात काही आला नाही. मग ते आणखी जोरात मारायला लागले. कार्यक्रम संपल्यावर ढोलकीला गवसणी घालता घालता त्यांनी मला विचारलं, "डावा ऐकू आला का रे बाबू?"

"आला की मामा," मी म्हणालो.

साफ खोटं बोललो. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून आता जे म्हणायचं ते मोठ्याने म्हणतो. आपल्या वाद्यांना 'बेस नाही' ही मंचावरची सगळ्यात मोठी थाप आहे. बेस आहे. त्याच्यासमोर माईक नाही.

ढोलकी डोळ्यांसमोर आणा. उजवी पुडी लहान, ताणलेली, शाईची. तिचा आवाज टोकदार, तो कुठूनही ऐकू येतो. डावी पुडी मोठी. तिला आतून मसाला लावलेला असतो आणि त्यातून घुमारा निघतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला तर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, कशासाठी? खर्जासाठीच. म्हणजे बेस ड्रम जे काम करतो, तेच काम आपल्याकडे एका माणसाचा डावा हात करतो. फरक इतकाच की बेस ड्रमला स्वतःचा माईक मिळतो आणि डाव्या हाताला उजव्याच्या माईकमधलं उरलंसुरलं.

यामागचं गणित सोपं आहे. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. सोळा इंचांवरचा माईक चार इंचांवर आणला की जवळपास १२ डेसिबल फुकट मिळतात, मिक्सरवरचं एकही बटण न फिरवता. शिवाय मंचावर वापरतात ते बहुतेक माईक एका दिशेने ऐकणारे असतात. असा माईक आवाजाच्या अगदी जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. निवेदक माईक ओठांना लावून बोलला की त्याचा आवाज भारदस्त होतो, तो याचमुळे. निवेदकाला ही सवलत रोज मिळते. ढोलकीच्या डाव्या पुडीला ती द्यायचं आमच्या डोक्यात येत नाही.

बेस ड्रमला तरी हा मान कुठे जन्मापासून होता? १९६६ साली लंडनच्या एबी रोड स्टुडिओत बीटल्सचं रेकॉर्डिंग चाललं होतं. बेस ड्रमच्या फार जवळ माईक नेऊ नये, असा तिथला नियम होता. ज्योफ एमरिक नावाच्या वीस वर्षांच्या इंजिनिअरने रिंगो स्टारच्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माईक थेट जवळ सरकवला. वरिष्ठांना ते आवडलं नाही, पण आवाज असा आला की पुढे सगळं जग तसंच करायला लागलं. आज गावोगावचा साउंडवाला ड्रममध्ये उशी घालतो, भोकातून माईक आत सरकवतो. टोला ठसठशीत हवा असेल तर माईक आत, मारणीच्या जवळ. गोल, घुमणारा हवा असेल तर बाहेर, भोकापाशी. हे सगळं आम्हाला येतं. एवढा विचार आम्ही परक्या वाद्यासाठी करतो आणि घरच्या वाद्याला म्हणतो, "चालतंय की, एकात भागेल."

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत, कारण मीही तीच देत आलो.

पहिलं उत्तर, बजेट नाही. दुसरा माईक बहुतेक वेळा पेटीत पडलेलाच असतो. पाहुण्यांच्या भाषणासाठी पोडियमवर दोन माईक लागतात, त्यातला एक शोभेचा असतो. तो काढून ढोलकीला द्या. भाषण एका माईकवर भागतं, ढोलकी भागत नाही.

दुसरं, फीडबॅक येतो. फीडबॅक लांबच्या माईकमुळे येतो. माईक लांब असला की गेन वाढवावा लागतो आणि मग तो स्पीकरचाच आवाज ओढून घेतो. माईक जवळ आणला की गेन कमी लागतो आणि शिट्टी बंद होते. म्हणजे ज्या भीतीपोटी आम्ही दुसरा माईक टाळतो, तीच तो जवळ लावल्याने जाते.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं, पब्लिकला डीजेसारखा बेस पाहिजे. पब्लिकने ढोलकीचा घुमारा मोठ्या स्पीकरवर कधी ऐकलाय का? ऐकवलाच नाही तर मागणार कसं? सरसकट बेस वाढवून आपण छातीत धडकी भरवतो आणि त्याला संगीत म्हणतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार देतं ती सूटही मोजक्या दिवसांची. आवाज वाढवण्यावर कायद्याची मर्यादा आहे. माईक योग्य जागी ठेवण्यावर कुठलीच नाही.

आता जरा टोचणारं बोलतो. माईक कुणासमोर असतो, हा प्रश्न फक्त तारांचा नाही. पाहुणे आले की वेशीवर हलगी लागते. मिरवणूक संपली की हलगीवाले मंचाखाली उभे राहतात आणि वर दुसरंच कुणी वाजवतं. हलगी ज्या समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांना गावाने कुठे बसवलं हे आपल्याला ठाऊक आहे. तबल्याला दोन माईक लागतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. हलगीला मात्र 'तिचा आवाज तसाही मोठा आहे' म्हणून एकही नाही. आवाज मोठा आहे म्हणून माईक नको, असं ड्रमसेटबद्दल कधी ऐकलंय? आमच्या गावाचं नाव महाराष्ट्राला नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे माहीत आहे. माईकसमोर उभं राहून अवघड प्रश्न विचारणारा माणूस होता तो. त्यांच्या नावाच्या गावात माईक कुणाच्या वाट्याला येतो, एवढं तरी विचारायला हवं.

नुकसान काय होतं, तेही सांगतो. त्या कार्यक्रमानंतर मी मामांच्या अंगणात दोन माईक घेऊन गेलो. एक उजव्या पुडीला, एक डाव्या पुडीपासून चार बोटांवर, हाताच्या वाटेत येणार नाही असा तिरका. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटं वाजवून ते थांबले आणि म्हणाले, "मी इतका जोरात मारत होतो होय?" डावा हात ऐकू येत नाही म्हणून वर्षानुवर्षं ते जास्त जोर लावत आले होते. मनगट दुखतं, पुडी लवकर बसते, आणि मनगट घासून काढायचा जो घुमारा, तो जोरात मारताना निघतच नाही. आम्ही माईक दिला नाही आणि त्यांचं वाजवणं बदललं. त्यांच्याकडे शिकणारी पोरंही तसंच मारायला शिकली. काही पोरं ऑक्टोपॅडकडे वळली, कारण त्याची तार थेट मिक्सरला लागते, माईकसाठी कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

तर माझ्यासारख्या मिक्सरवर बसणाऱ्या पोरांनो, एवढं करा. ढोलकीला दोन माईक द्या. स्टँड ठेंगणा घ्या आणि त्याखाली घडी केलेलं बारदान टाका, म्हणजे फळ्यांची धपधप वर चढणार नाही. डाव्या पुडीवर थाप पडली की उजवी पुडी बाहेर फुगते, त्यामुळे दोन माईक एकमेकांचा खर्ज खाऊ शकतात. मिक्सरवरचं फेजचं बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐका. ज्यात आवाज भरीव येतो ते ठेवा. आणि ड्रमरला साउंडचेकला वीस मिनिटं देता, ढोलकीवाल्याला पाच तरी द्या. त्या पाच मिनिटांत त्याला विचारा, कुठला हात कमी येतोय.

आणि तुम्ही जे खुर्चीत बसून मोबाईलवर शूटिंग करता, त्यांनी पुढच्या वेळी 'बेस वाढव' ओरडण्याआधी मंचाकडे नीट बघा. ढोलकीच्या डाव्या बाजूला माईक आहे का? नसेल तर ओरडा, पण हे ओरडा: "डाव्याला माईक द्या!"

यंदाच्या नवरात्रात मिक्सरवर पुन्हा मीच आहे. मामा तोच प्रश्न विचारतील. या वेळी मला खरं उत्तर द्यायचंय.