चाक कोणाच्या मालकीचे?

माणसाने माणसाला गाडीत बसवून ओढावे, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारी आहे आणि ती सहा महिन्यांत बंद झाली पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानच्या हातरिक्षांसंबंधी दिला. स्वातंत्र्याला तोवर ७८ वर्षे होत आली होती. एवढा विलंब का झाला, याचा विचार श्रमिकांच्या चळवळीने करावयास हवा.

माथेरानच्या डोंगरावर मोटारींना मज्जाव आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हा त्या बंदीला अधिक बळ मिळाले. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी वगळता दस्तुरी नाक्यापुढे इंजिनाचे वाहन जात नाही. हवा शुद्ध राहिली, झाडी टिकली. पण प्रवाशाचा भार घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यावर पडला. तांबड्या मातीच्या चढावर ९४ परवानाधारक हातरिक्षा एकाने ओढायच्या आणि इतरांनी मागून रेटायच्या, यालाच निसर्गरक्षण म्हणण्याची सवय पांढरपेशा प्रवाशाला जडली.

विजेवर चालणारी रिक्षा धूर सोडीत नाही. तरीही मोटारबंदीच्या नियमात तिला जागा मिळावी म्हणून हातरिक्षाचालकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गाड्या धावू लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांची संख्या वीसवर मर्यादित केली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, असे बजावले. पण त्या खरोखर त्यांनाच मिळाल्या काय, हा वाद पुन्हा न्यायालयात गेला. साधन नवे आले की त्यावर पहिला हात कोण टाकतो, हे यावरून उमगते.

प्रश्नाचा गाभा येथेच आहे. १९८० साली आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर पंजाबचा १९७५ चा कायदा होता. रिक्षा ओढणाराच तिचा मालक असावा, हा त्याचा हेतू चांगला होता; पण ज्याच्याजवळ रिक्षा घ्यायला पैसा नाही, त्याचा रोजगारच त्यामुळे जाणार होता. न्यायालयाने कायद्याचा हेतू राखला आणि बँकेच्या कर्जातून चालकाला मालक करण्याची योजना आखून दिली. २०२५ च्या आदेशातही या निकालाची आठवण आहे. मात्र त्यात गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर शासनाने गाड्या विकत घेऊन चालकांना भाड्याने द्याव्यात, असे सुचविले आहे. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही म्हटले आहे. हे पाऊल स्वागतार्ह, परंतु अपुरे आहे. भाड्याच्या रकमेतून गाडीची किंमत फिटताच ती चालकाच्या नावे झाली पाहिजे, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी पडता कामा नये. अन्यथा खांद्यावरचे ओझे उतरेल, पण भाडे कायम राहील.

नुसत्या बंदीने काय होते, हे कोलकत्याने दाखविले आहे. २००६ साली डाव्या आघाडीच्याच राजवटीत तेथील विधानसभेने हातरिक्षाबंदीचे विधेयक संमत केले. पर्यायी रोजगाराची तरतूद नव्हती. प्रकरण न्यायालयात अडकले आणि रिक्षा ओढल्या जातच राहिल्या.

माथेरानचे घोडेवाले ई-रिक्षांना विरोध करीत आले आहेत. त्यांना प्रगतीचे शत्रू ठरविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांचेही पोट त्याच वाटेवर भरते. एका गरिबाची सुटका दुसऱ्या गरिबाच्या भाकरीवर बेतणार नाही, अशी व्यवस्था शासनानेच केली पाहिजे. ई-रिक्षांची संख्या सनियंत्रण समितीने ठरवावी आणि त्यांच्या आडून श्रीमंतांच्या खाजगी मोटारींना वाट मिळू नये, ही पर्यावरणवाद्यांची अपेक्षाही रास्त आहे. तिला श्रमिकांनी पाठिंबाच द्यावा. फक्त निसर्गाची किंमत हातरिक्षाचालकाने आपल्या छातीच्या भात्याने चुकवावी, हे कोणी सांगू नये.

कार्यकर्त्यांनी आदेशावर समाधान मानून थांबू नये. कोणाला किती गाड्या मिळाल्या, परवाना कोणाच्या नावे आहे आणि दिवसाची कमाई कोणाच्या हाती जाते, याची चौकशी गावोगाव झाली पाहिजे. विजेची रिक्षा आज लहान शहरांतून सर्वत्र पसरते आहे. माथेरानला विचारलेला प्रश्न तेथेही विचारावाच लागेल.